चार ठिपक्यांची राखण

रूपाला पाणी पिताना मी तीन वर्षांत क्वचितच पाहिलं. डब्याशेजारी तिची स्टीलची बाटली असायची, काठोकाठ भरलेली, आणि संध्याकाळी ती तशीच भरलेली तिच्या गावी, कोनला परत जायची. एकदा मी चिडून म्हटलं, "अगं, ही बाटली रोज हवा खायला आणतेस का?" ती हसली. म्हणाली, "ताई, पानी प्यालं का उठावं लागतं."

उठायचं नाही, हीच तर तिची नोकरी होती.

आमचं ऑफिस पूर्णा गावातल्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर. खाली खोकी, वर आम्ही. खिडक्यांच्या काचा उघडत नाहीत, आणि बाहेर पाहावं तर पुढच्या गोदामाचे निळे पत्रे. मी अनसूया, टेमघरची, बावन्न वर्षांची. आधी पंचवीस वर्षं एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात टायपिंग आणि फायली केल्या, मग इथे आले. इथली माणसं दिवसभर परदेशातल्या लोकांशी फोनवर बोलतात. ते सगळं रेकॉर्ड होतं आणि त्यातले काही कॉल दुसऱ्या दिवशी मी ऐकते. नियमाप्रमाणे बोलले का, नाव विचारलं का, शेवटी आभार मानले का, असे रकाने असतात, त्यात हो किंवा नाही भरायचं. थोडक्यात, लोकांच्या चुका काढण्याचा पगार घेते. घरी त्याच फुकट काढायचे.

रूपाचं काम वेगळं होतं. इंग्लंडच्या दक्षिणेकडे खेड्यापाड्यांत शिकारीच्या सहली चालतात. चोरून नाही, कायद्याने, जमीनमालकाच्या परवानगीने. रो नावाचं हरीण असतं तिकडे, आपल्या भेकराएवढं, आणि भेकरासारखंच भुंकतं. नरांचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर, माद्यांचा हिवाळ्यात. लांबलांबचे हौशी लोक येतात, पहाटे साडेतीनला उठतात, एका वाटाड्याच्या मागून दबकत चालतात, मचाणावर श्वास रोखून बसतात आणि वाटाड्या बोट दाखवील त्याच हरणावर गोळी झाडतात. बोलायचं नाही, खोकायचं नाही, मनाने काही करायचं नाही. एवढं ऐकून घ्यायला माणसं विमानाने येतात म्हणजे कमाल आहे.

या वाटाड्यांवर कोणीतरी लक्ष ठेवायला लागतं. रानात एकटा माणूस, हातात बंदूक, कुठे पडला-झडला तर कळणार कसं? म्हणून प्रत्येकाकडे एक लहानसं यंत्र असतं. दर अर्ध्या तासाने त्याचं बटण दाबायचं. दाबलं की रूपाच्या स्क्रीनवरच्या नकाशात त्याचा ठिपका हिरवा राहतो. विसरला तर पिवळा, आणखी पाच मिनिटांनी लाल. लाल झाला की रूपाने त्या यंत्रावर कॉल करायचा, पूर्ण नाव घेऊन विचारायचं, "अमुकच बोलताय ना?" आणि त्याने स्वतः सगळं ठीक म्हटलं की ठिपका पुन्हा हिरवा करायचा. उत्तर आलं नाही तर धोक्याचं बटण. मग तिकडचा राखणदार, रुग्णवाहिका, सगळे धावतात. त्यांची पहाट म्हणजे आपले सकाळचे नऊ. नऊ ते साडेबारा रूपाच्या ताब्यात चार ठिपके, आणि ते चारही रानाबाहेर पडेपर्यंत हेडफोन काढायचा नाही. काढायचाच असेल तर आमचा टीम लीडर अनिमेष याला जागेवर बसवायचं. अनिमेष सत्तावीस वर्षांचा. त्याला हाक मारली की तो असं तोंड करायचा, जशी काही रूपा त्याची किडनी मागतेय.

म्हणून पाणी नाही. त्यापायी तिला दोनदा लघवीचा संसर्ग झाला. डॉक्टर म्हणाले, दिवसाला तीन लिटर प्या. ती म्हणाली, "त्यांना काय जातंय सांगाया."

ती मूळची आतल्या गावची, शेतकऱ्याच्या घरातली, बारावी शिकलेली. लग्न होऊन कोनला आली. नवरा मनोज कंटेनर चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. दोन खोल्या, त्यातल्या एकीत सासू धोंडूबाई खाटेवर. सकाळी सासूचं सगळं आवरायचं, दोन रिक्षा बदलून पूर्णा गाठायचं, खुर्चीत बसायचं, दोन रिक्षा बदलून परत जायचं, पुन्हा सासूचं आवरायचं. मला कधीकधी वाटे, ही बाई दिवसातून मोकळी चालते ती फक्त जिन्यावर. तिलाही तेच वाटत असावं, कारण तीन वर्षं तिची एकच मागणी होती: मला खाली डिस्पॅचमध्ये पाठवा. खालच्या बायका हातात स्कॅनर घेऊन दिवसभर गोदामभर फिरतात, त्यांचे पाय दुखतात, त्या कुरकुर करतात. रूपा जिन्यातून त्यांच्याकडे अशी बघायची, जशी मी सराफाच्या काचेआडून बघते.

आणि ती बदली मिळाली होती. यंदाच्या मे महिन्यात, अकरा तारखेच्या सोमवारपासून. कागद हातात आला त्या दिवशी तिने सगळ्यांना आलेपाक वाटला आणि स्वतः एक अख्खा ग्लास पाणी प्यायली.

आता इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना माझी मान खाली जाते.

रूपा वाटाड्याचं नाव घेत नसे. कॉल लावला की म्हणायची, "गाईड फोर, ऑल ओके?" समोरून ओके आलं की आभार आणि हिरवा. पहिल्यांदा मी ऐकलं तेव्हा तिला बोलावून झापलं. नियमावर बोट ठेवणारी बाई मी. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सांगितलं. तिच्या लहानपणी होळीच्या सुमाराला गावातले पुरुष डुकराच्या मागे रानात जात. आता ते बंद झालं, झालं ते बरंच झालं. तिचा काका लडकू सगळ्यांत पुढे असायचा. त्या वेळी एक रीत होती. "रानान गेलेल्या मानसाचा नाव घेवाचा न्हाय, ताई. हाक मारायची ती नुसती हूऽऽ करून. नाव घेतला का रान ते शिकतं. मंग रानच त्याला नावानं बोलावतं, आनि मानूस तिकरंच जातं."

"अगं, ते इंग्लंड आहे," मी म्हटलं.

"रान हाय ना पन?"

मला हसू आलं. खरं सांगते, आवडलंही. इतक्या लांबच्या, कधी न पाहिलेल्या चार बाप्यांना रानाने बोलावून नेऊ नये म्हणून ही बाई इथे पत्र्यांकडे तोंड करून नाव गिळते, याचं मला कौतुक वाटलं. आणि ते चौघे नेहमीचे होते, त्यांचे आवाज तिला पाठ होते. मी फॉर्ममध्ये 'नाव विचारलं' यापुढे 'हो' भरलं. एकदा भरलं की पुढच्या वेळी 'नाही' कसं भरणार? तीन वर्षं भरत राहिले. दुसऱ्यांना मी एवढ्यातेवढ्यावरून धारेवर धरत होते आणि इथे बिनदिक्कत कानाडोळा.

तो गुरुवार होता, सात मे. बदलीला चार दिवस राहिले होते. चौथा ठिपका ग्रॅहम पाईक नावाच्या साठीच्या वाटाड्याचा. त्याच्याबरोबर डेन्मार्कहून आलेला एक पाहुणा होता, त्याला इंग्रजी जेमतेम. दहा वाजता ग्रॅहमचं बटण दाबलं गेलं नाही. ठिपका पिवळा झाला, मग लाल. रूपाने कॉल लावला.

"गाईड फोर, ऑल ओके?"

"यस, यस. ओके. गुड. बिग बक!"

आवाज कुजबुजता होता. मचाणावर सगळे कुजबुजतातच. बक म्हणजे नर; मोठा नर पाडला, असंच तिने धरलं. तिने आभार मानले आणि ठिपका हिरवा केला. साडेदहाला बटण दाबलं गेलं. अकरालाही. सगळं सुरळीत.

सव्वाअकराच्या सुमाराला ती माझ्याकडे वळली. हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवलेली. "ताई, हा हालत न्हाय."

"कोण?"

"चार नंबर. जनावर पारलाय म्हनतो. जनावर पारल्यावर कोनी सव्वा तास बसून रहातं का? पोट फोरावं लागतं त्याचा, न्हायतर मांस खराब होतं. उचलून न्यावं लागतं. हा एका जागेवरच हाय."

"बटण दाबतोय ना?"

"दाबतोय."

"मग?"

 पुढची दहा-पंधरा मिनिटं ती स्क्रीनकडे नुसती बघत राहिली, दोन्ही हात मांडीखाली दाबून. तिने अनिमेषला विचारलं तर तो म्हणाला, "हिरवा आहे ना? हिरव्याला कॉल करायचा नसतो. पाहुण्याची शिकार बिघडली तर तक्रार येते." तेही खरंच होतं, नियम तसाच आहे.

अकरा पस्तीसला तिने कॉल लावला. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या तोंडून ते ऐकलं. "ग्रॅहम? ॲम आय स्पीकिंग टू ग्रॅहम पाईक?"

 पलीकडून तोच कुजबुजता आवाज, "नो, नो. ग्रॅहम गो. हरीण… रन. ग्रॅहम गो. नो कम."

'हरीण' तो त्याच्या भाषेत म्हणाला असेल, पण अर्थ शेंबड्या पोराला कळला असता. रूपाने अनिमेषकडे पाहिलंसुद्धा नाही, धोक्याचं बटण दाबलं.

झालं होतं ते असं. पाहुण्याची गोळी नीट लागली नाही, हरीण जखमी होऊन झाडीत पळालं. ग्रॅहमने पाहुण्याला मचाणावरून हलू नको म्हणून खूण केली, पिशवी तिथेच टांगली आणि बंदूक घेऊन हरणामागे गेला. यंत्र पिशवीला होतं. रूपाचा कॉल आला तो पाहुण्याने घेतला. 'सगळं ठीक ना' असं विचारल्यावर तो भला माणूस ठीकच म्हणणार, तो तर ठीकच होता! पुढे यंत्र पिपाण्या वाजवू लागलं, तेव्हा हरणं बुजतील म्हणून तोच बटण दाबत बसला. सांगितल्याप्रमाणे जागचा हलला नाही. ग्रॅहम दोनशे पावलांवर, एका ओढ्यात, दरडीसकट खाली आलेल्या झाडाखाली पाय चेंगरून पडला होता. हाका मारून मारून त्याचा आवाज बसला होता आणि ओढ्याच्या खळखळाटात त्या ऐकू जाणं शक्य नव्हतं.

साडेबाराच्या आत त्याला बाहेर काढलं. तो वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ही बातमी आली तेव्हा रूपा मला म्हणाली, "ताई, दहा वाजता नाव इचारला असता तर पाय राहिला असता?"

मी म्हटलं, "तू डॉक्टर आहेस का? डोक्यात असलं काही भरू नकोस." माझा आवाज चिडका होता. घाबरले की मी चिडते, हे माझ्या घरच्यांना माहीत आहे, रूपाला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुख्य ऑफिसकडून मेल आला. शिक्षेचा नाही, कौतुकाचा! ठिपका हिरवा असताना केवळ तो हलत नाही एवढ्यावरून जिने धोका ओळखला, अशी कर्मचारी आमच्याकडे आहे याचा त्यांना अभिमान होता. अकरा पस्तीसचा कॉल नव्या लोकांना शिकवायला हवा म्हणून त्यांनी मागवला. तो मी काढून पाठवला. दहा वाजून सहा मिनिटांचा कॉल कोणी मागितला नव्हता.

तो मी ऐकला. एकटीने, दार लावून, चार वेळा. चौदा सेकंदांचा आहे. मग फॉर्म उघडला आणि 'नाव विचारलं' यापुढे 'हो' भरलं.

ते भरताना मी स्वतःशी म्हटलं की हे रूपासाठी. अर्धसत्य होतं. चौकशी झाली असती तर तीन वर्षांचे फॉर्म उघडले असते, आणि सगळ्यांवर माझी सही.

जेवणाच्या सुट्टीत रूपा आली. "मी सांगून टाकतंय," ती म्हणाली. "अनिमेष सरांना. दहाच्या कॉलचा."

"काही सांगायचं नाही."

"ताई, त्याचा पाय गेलाय."

"आणि सांगून तो उगवणार आहे का? सोमवारी खाली जायचंय ना तुला? जा गुपचूप. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी तिचा दंड धरला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.  तिने दंड सोडवून घेतला आणि जागेवर जाऊन बसली.

सोमवार उजाडला तो वेगळाच. मुख्य ऑफिसने तिला कायमचं त्याच खुर्चीवर नेमलं होतं. अनिमेष पेढे घेऊन आला. भिंतीवर चौकटीतलं प्रशस्तिपत्र लागलं, रूपाचा फोटो, खाली इंग्रजीत काहीतरी. "डिस्पॅच आता विसरा," तो म्हणाला, "एवढं चांगलं माणूस कोण खोकी मोजायला पाठवेल?" तरीही तिला नको म्हणता आलं असतं. बदलीचा कागद तिच्या पर्समध्ये होता, त्यावर सही-शिक्का होता. ती भांडेल असं मला वाटलं. मी तर तिच्या बाजूने बोलायची तयारीही करून ठेवली होती. तिने पेढा घेतला, न खाता डब्यात ठेवला आणि नऊच्या आत हेडफोन लावून त्याच खुर्चीत बसली.

जूनमध्ये ग्रॅहमचं पत्र आलं. कागदावर हाताने लिहिलेलं, अक्षर वाकडंतिकडं. मीच तिला वाचून दाखवलं, कारण ते अक्षर लागायला म्हातारे डोळेच हवेत. त्याने लिहिलं होतं की तो नवीन पाय बसवून घेतोय. चालणं फारसं जमणार नाही, पण येत्या एप्रिलपासून पाहुण्यांना घेऊन मचाणावर बसायला हरकत नाही. बायको मुळीच सोडायला तयार नव्हती. शेवटी तिने एका अटीवर कबूल केलं: पलीकडे तीच बाई असली पाहिजे, जिने त्या सकाळी त्याला शोधलं. 'तुम्ही नसता तर मी त्या ओढ्यातच संपलो असतो. तुम्ही तिथे आहात, म्हणून मी पुन्हा रानात जातो आहे.' शेवटी स्वतःच्या गावाचा पत्ता आणि कधी आलात तर घरी जेवायला या, असं निमंत्रण.

मी वाचून संपवलं. रूपाने पत्र मागून घेतलं, घडी घातली आणि पर्समधून बदलीचा कागद काढला. माझ्यासमोर त्याचे चार तुकडे केले. रागाने नव्हे, कोथिंबीर निवडावी तसे सावकाश.

"वेडी आहेस का?" मी ओरडले. "तो रानात जाणार एप्रिलला. तोवर तरी फिर! त्याला काय कळणार आहे कोण बसलंय ते?"

"मना कलंल ना," ती म्हणाली.

तेव्हापासून ती प्रत्येक कॉलला नाव विचारते. पूर्ण, आडनावासकट, आणि उत्तर येईपर्यंत तिचा चेहरा पाहवत नाही. आम्ही दोघी शेजारी बसतो, डब्यातली भाजी एकमेकींना देतो, धोंडूबाईंच्या औषधांचं बोलतो. त्या सकाळबद्दल एक अक्षर नाही. मी मात्र रोज सकाळी ऑफिसचा जिना चढताना एकच विचार करायचे. कोणी तो कॉल उघडला तर? रेकॉर्डिंग नव्वद दिवस ठेवतात, मग यंत्रणा आपोआप पुसून टाकते. मी कॅलेंडरवर खुणा करत नव्हते, पण आकडा मला कोणीही झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता.

ऑगस्टच्या पाच तारखेला नव्वद दिवस भरले. सहाला सकाळी आल्याआल्या मी तो कॉल शोधला. नव्हता. पुन्हा शोधला. रकाना रिकामा. इतकं हलकं मला मुलीचं लग्न पार पडल्यावरही वाटलं नव्हतं. रूपाचे ठिपके अजून रानात शिरायचे होते, नऊला दहा मिनिटं कमी होती. मी जवळजवळ धावतच तिच्याकडे गेले, वाकले आणि तिच्या कानात म्हटलं, "गेलं गं ते रेकॉर्डिंग. पुसलं गेलं. आता कोणाला काही सापडायचं नाही. सुटलीस बघ!"

तिने माझ्याकडे वर पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत, म्हणूनच मला ती सोसवली नाही.

"तुमी सुटल्या, ताई," ती म्हणाली. "मी न्हाय."